उंबऱ्यावरचा मेंढा

मरीर्त, ५ सप्टेंबर

मिमून,

आणि वर मलाच विचारतोस, "मावशी, तू एवढी चिडतेस कशाला?" चिडू नको तर काय करू? माझ्या उंबऱ्यावर रक्त सांडलंय आणि तू मला अत्तराच्या बाटल्या पाठवतोस. फोनवर काही सांगायला जावं तर "हो मावशी, बरोबर मावशी, तब्येतीला जप मावशी" आणि खट्‌कन बंद. म्हणून हे पत्र. मशिदीतल्या बायकांच्या वर्गात हिवाळेच्या हिवाळे घासून लिहायला शिकले, ते काय भिंतीवर टांगायला? अक्षराला हसायचं नाही. वाचायचं आणि उत्तर द्यायचं.

गेल्या गुरुवारी मी बाजारातून मस्मनच्या पोळ्या विकून घरी आले. डोक्यावर रिकामी परात, पाय मोडून आलेले. बघते तर दारात मेंढा पडलेला. मान कापलेली, पाय अजून हलतोय, आणि रक्त उंबऱ्यावरून आत ओघळतंय. समोरच्या पायरीवर म्हातारी तूदा बसलेली.

"कोण होतं गं?" मी विचारलं.

"मैदानाची माणसं होती."

"मैदानाची म्हणजे कोण? त्यांना नावं असतील ना?"

"मला मोतीबिंदू आहे, इत्तो. मेंढा दिसला, माणसं नाही दिसली. मैदान, मैदान एवढंच कानावर आलं." वर म्हणते, "मेंढा मात्र चांगला होता."

तिकडे परदेशात राहून विसरला असशील म्हणून सांगते. हा आर आहे. ज्याच्या दारात असं रक्त सांडलं त्याने सांडणाऱ्याचं मागणं पुरं करायचं. नाही केलं तर अवदसा त्याच्या घरात शिरते आणि चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहत नाही. तुझ्या आजोबांच्या दारात असाच आर पडला होता, तर त्यांनी सख्ख्या भावाच्या खुन्याला माफ करून घरात जेवू घातलं. ही चेष्टा नाही.

मैदानाची माणसं म्हणजे आपल्या गावचा फुटबॉलचा संघ, दुसरं कोण असणार? मी तशीच रक्ताच्या चपलांनी सी लार्बीकडे गेले. संघाचा सचिव आहे तो आता. लार्बी टायरवाला म्हटलं की तुला आठवेल. मी म्हटलं, "हा आर तुम्ही टाकलात?" त्याने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणतो, "लल्ला इत्तो, मेंढा कुणाचाही असो, साऱ्या गावाचं मागणं एकच आहे. संघ खालच्या गटात गेला. मिमून एक हंगाम खेळला तर वर येईल. एकच हंगाम."

आता ऐक. तुझी आई गेली तेव्हापासून तुला मी वाढवला. पंधराव्या वर्षी खेळ शिकायला मेक्नेसच्या बसमध्ये मी बसवून दिला. देशासाठी तू ते दोन गोल केलेस तेव्हा लोकांनी मला खांद्यावर घेतलं होतं, माझी कंबर अजून दुखते. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागते. तू चौतिशीचा झालास, तिथे अजून किती खेळणार आहेस? ये आणि हा हंगाम इथे खेळ. माझा उंबरा मोकळा कर.

मेंढ्याचं मांस मी गोरगरिबांना वाटून टाकलं. एक तुकडा तोंडात घातला नाही.

तुझी मावशी,
इत्तो


लिएज, ११ सप्टेंबर

प्रिय मावशी,

तुझ्या हाताचे मुके. गावाकडचं सामान पोचवणारा बूजम्आ आपली गाडी घेऊन काल आला. तेलाचा डबा, वाळवलेले अंजीर आणि तुझं पत्र, तिन्ही नीट पोचलं. अक्षराला हसलो नाही. शपथ. दोनदा वाचलं, तेवढं मात्र वाचावंच लागतं.

आर म्हणजे काय ते मी विसरलो नाही. पण मावशी, मी इथे कराराने बांधलेला आहे. हंगाम सुरू झालाय, मधूनच सोडून येता येत नाही. सी लार्बीला सांग, मी संघाला नवे कपडे पाठवतो, चेंडू पाठवतो, हवं तर गावोगाव न्यायला बस घेऊन देतो. आणि माझ्या पैशाने एक दांडगा मेंढा आण, मेंढा आणणाऱ्यांच्या दारात बांध आणि माझ्या वतीने माफी माग. असं करतात ना? मला आठवतं, असं करतात.

तब्येत उत्तम आहे. सराव जोरात चालू आहे, म्हणून पत्र लहान. थंडी पडायच्या आत तुझ्या खोलीला हीटर बसवून घे. नको म्हणू नकोस.

तुझा,
मिमून


मरीर्त, २० सप्टेंबर

मिमून,

सराव जोरात चालू आहे म्हणे!

बूजम्आ परत आल्या आल्या मी त्याला ओट्यावर बसवला.

"कसा आहे माझा पोरगा?"

"बरा आहे."

"बरा म्हणजे?"

"बरा म्हणजे बरा, लल्ला इत्तो. चहा मिळेल का? गाडी चालवून पाठीचा भुगा झालाय."

"चहा नंतर. दार कुणी उघडलं?"

"त्यानेच."

"बेल वाजवल्यावर लगेच?"

इथे बूजम्आ गप्प. ज्या माणसाच्या तोंडाला हज यात्रेतसुद्धा विश्रांती मिळाली नाही तो माणूस गप्प! मी चहाची किटली उचलून आत ठेवली. मग बोलला. म्हणाला, बराच वेळ दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा तू भिंत धरून उभा. दारामागे काठी होती. खुर्चीवर बर्फाची पिशवी. तेलाचा डबा त्यालाच आत आणून ठेवायला लावलास. त्याने विचारलं तर म्हणालास, "कुणाला सांगू नको, थोडं मुरगळलंय." आणि तुझे खेळायचे बूट खोक्यात भरून दिलेस, कुणाला तरी देऊन टाक म्हणून. मुरगळलेल्या पायाचा माणूस बूट देऊन टाकतो होय?

ते खोकं इथे माझ्या समोर आहे. मी उघडलेलं नाही.

इकडे काय चाललंय ते ऐक. मी बाजारात चारचौघांत सांगून बसले की मिमून येणार. का सांगितलं? लोक रोज विचारतात, काय बोलू? सी लार्बीने कॅफेवर तुझ्या तोंडाचा फलक लावलाय. चित्र रंगवणाऱ्याने तुला शेरीफ न्हाव्यासारखा काढलाय, पण खाली नाव तुझंच आहे. पोरं त्याखाली उभी राहून फोटो काढतात. आणि हे सगळं चालू असताना तू तिकडे भिंत धरून चालतोस!

कपडे, बस, हीटर काही नको. खरं काय ते लिही. मला खोट्याचा राग येत नाही, खोटं बोलून मला मूर्ख समजतोस त्याचा येतो.

इत्तो


लिएज, २५ सप्टेंबर

मावशी,

बूजम्आला शिव्या देऊ नकोस, किटली परत दे. तो खरं बोलला.

जुलैत सरावात गुडघा गेला. कुणी धक्कासुद्धा मारला नाही. वळलो आणि आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणतो, चालशील, जिने चढशील, नशीब असेल तर काठी सुटेल. खेळणं संपलं. क्लबने हात मिळवला, घड्याळ भेट दिलं आणि करार संपवला. बातमी बाहेर येऊ दिलेली नाही, मीच विनवणी केली होती. का केली, ते आता मलाच सांगता येत नाही.

तुला कसं सांगू हेच सुचत नव्हतं. पंधराव्या वर्षापासून लोक माझ्याशी बोलतात ते माझ्या पायांशी बोलतात. विमानतळावर, मशिदीत, लग्नात, आधी नजर खाली जाते, मग तोंडाकडे येते. गावात तर विचारूच नको. काठी टेकत कॅफेवरच्या त्या फलकाखालून मी कसा जाणार? तो न्हाव्यासारखा असला तरी.

परवा झोप येत नव्हती तेव्हा आपलं मागचं शेत आठवलं. तू आता तिथे वाल लावतेस ना? तेव्हा नुसती माती होती. एका अंगाला उतार, उताराखाली ओढा, ओढ्याकाठी निवडुंग. नियम असा होता, ज्याच्या पायातून चेंडू सुटेल त्याने खाली काट्यांत उतरून तो आणायचा. मी सगळ्यांत लहान आणि अनवाणी. म्हणून चेंडू पायातून सोडायचाच नाही असं मी शिकलो. टीव्हीवरची माणसं पुढे त्याला देवाची देणगी म्हणायला लागली. देणगी कसली, काट्यांची भीती होती ती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आखातातल्या एका वाहिनीने बोलावलंय. कोट-टाय घालून बसायचं आणि सामन्यांबद्दल बोलायचं. ऑक्टोबरअखेरपर्यंत हो की नाही कळवायचं आहे. बहुतेक जाईन. तिथे मला टेबलामागे बसवतील, पाय कुणाला दिसणार नाहीत.

तू माफीचा मेंढा बांध आणि गोष्ट मिटव. कारण काहीही सांग. पायाचं सांगू नकोस.

मिमून


मरीर्त, ८ ऑक्टोबर

मिमून,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले. मग स्वतःला दोन शिव्या दिल्या, तुला चार दिल्या, आणि अंगावर जलाबा चढवून निघाले. या पत्राला उशीर झाला त्याला कारण आहे. सगळं क्रमाने सांगते, मधेच डोकं लढवू नकोस.

सी लार्बी कॅफेत होता. टीव्हीवर सामना चालू. बायका तिथे जात नाहीत, माहीत आहे मला. मी गेले. सगळ्यांनी चहाचे ग्लास खाली ठेवले.

"सी लार्बी, बाहेर ये."

"लल्ला इत्तो, पंधरा मिनिटं राहिलीत."

"ठीक आहे, मग इथेच बोलते. माझा भाचा येणार नाही. आर फेडता येत नाही, म्हणून माफीचा मेंढा बांधायचाय. कुणाच्या दारात बांधू?"

त्याच्या डोळ्यांत मेंढा दिसायला लागला बघ. म्हणाला, "दुःख झालं. पण आता... बांधायचाच असेल तर क्लबच्या दारात बांध."

मला तेव्हाही संशय नव्हता. मी आपली रीतीप्रमाणे म्हणाले, "मग चल, सीदी अली पीरांच्या कबरीवर हात ठेव आणि म्हण की तो मेंढा क्लबने कापला होता. म्हणजे मी इथे हात झटकून मोकळी."

मिमून, त्याच्या हातातली साखर खाली पडली. दुसऱ्याचा आर स्वतःचा म्हणायचा आणि वर कबरीवर शपथ घ्यायची, एवढी छाती लार्बी टायरवाल्याची नाही. सामना संपेपर्यंतही थांबला नाही. कोपऱ्यात येऊन पुटपुटला, "हद्दाला विचार."

"कुठली हद्दा?"

"लोकर धुते ती. माझ्याकडे निरोप ठेवला होता. मी देणारच होतो. पण लल्ला इत्तो, तूच येऊन म्हणालीस की मिमूनसाठी असेल. मी फक्त नाही म्हटलं नाही."

फक्त नाही म्हटलं नाही! दुसऱ्याच्या मेंढ्यावर स्वतःचं मागणं लावून बसला, आणि वर फलक रंगवून घेतला.

हद्दा नदीवर होती. चारपाच बायका गुडघाभर पाण्यात, लोकर तुडवतायत. मी काठावरूनच ओरडले, "हद्दा, मेंढा तुमचा?"

"आमचा."

"मग इतके दिवस तोंडात काय गुळणी धरली होती?"

"आम्ही सी लार्बीला मध्यस्थ घातला होता. तो म्हणाला, निरोप पोचवलाय, लल्ला इत्तो विचार करतेय. आर टाकल्यावर मागे लागायचं नसतं, तुला माहीत आहे. आणि आधी समोर आलो असतो तर तू झाडू घेतला असतास."

"ते सोड. पण मिमून तुम्हाला कशाला हवाय?"

तर सगळ्या हसायलाच लागल्या. एक जण तर पाण्यात बसली. हद्दा म्हणाली, "मिमून कोण मागतंय? आम्हाला तुझ्या शेताच्या फाटकाची किल्ली पाहिजे."

आता तुला सांगावं लागणार. या बायकांच्या पोरी आहेत, फुटबॉल खेळतात. गावच्या मैदानावर त्यांना कुणी पाय ठेवू देत नाही, पोरांचा सराव असतो म्हणे, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. म्हणून त्या आपल्या मागच्या शेतात येऊन खेळायच्या. वसंतात माझे वाल तुडवले. मी झाडूने हाकलल्या, भिंत घातली, फाटकाला कुलूप लावलं. परत तुडवले तर परत हाकलेन. पण त्यांच्या आया काही बोलल्या नाहीत, भांडल्या नाहीत. हद्दाने थोरलीच्या लग्नासाठी राखलेला मेंढा माझ्या दारात आणून कापला.

माझ्या दारात, मिमून. माझ्यासाठी. तूदा म्हातारी खरंच बोलली होती, मैदानाचीच माणसं होती ती. पण गेली पंधरा-वीस वर्षं माझ्या दारात जो येतो तो तुझ्यासाठी येतो. सही पाहिजे, फोटो पाहिजे, पोराला तिकडे नोकरी पाहिजे. तेव्हा हाही मेंढा तुझाच असणार, हे मी धरूनच चालले. विचारलंसुद्धा नाही. आणि आर होता माझ्यावर. इत्तोवर. माझ्या नावाने आजवर कुणी कोंबडी कापली नव्हती.

हद्दा पाण्यातून बाहेर आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "रडतेस कशाला? नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण."

"गप गं," मी म्हटलं. "लोकरीचा वास डोळ्यांत गेला."

त्याच संध्याकाळी वाल उपटले. शेंगा काढून घेतल्या आणि मग उपटले, तेवढी मी वेडी नाही. किल्ली हद्दाच्या हातात दिली. माझा आर फिटला.

आणि पोरी खेळतात कशा ते सांगू? कोंबड्यांना दाणे टाकल्यावर कोंबड्या धावतात तशा. चेंडू जिकडे, सगळ्या तिकडे. हद्दाची धाकटी तिलिला तेवढी मधे उभी राहून सगळ्यांवर ओरडते आणि मग स्वतःही धावते. त्यांना शिकवायला कुणी नाही. मी फाटकाशी खुर्ची टाकून बसते आणि शिव्या देते, पण माझ्या शिव्यांनी खेळ सुधारत नाही.

तेव्हा हे नीट समजून घे. तुझ्यावर आर नव्हताच. गावाने तुझे पाय मागितले नव्हते, लार्बीने मागितले होते, तेही उसन्या मेंढ्यावर. तू मोकळा आहेस. आखातात जायचं तर जा.

पण आता मी मागते. मेंढा न कापता. इथे येऊन या पोरींना शिकव.

इत्तो


लिएज, १३ ऑक्टोबर

मावशी,

पत्र वाचताना मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. जुलैपासून तिने या घरातून आवाज ऐकला नव्हता.

पण तू जे मागतेस ते मला जमेल असं वाटत नाही. मी खेळलो, शिकवलं कधीच नाही. शिकवणारा करून दाखवतो. मी काय दाखवणार, काठी? आणि गाव बघायला येणार. पहिल्या दिवशी सगळं गाव फाटकाशी असेल, आणि त्यांच्या नजरा कुठे जातील ते तुलाही माहीत आहे. वाहिनीवाल्यांचा परत फोन आला होता. त्यांना ३१ तारखेपर्यंत सही हवी आहे. घर देतात, गाडी देतात. मावशी, मला भीती वाटते. हे मी फक्त तुला लिहितोय.

एक विचारायचं राहिलं. भिंत तू चारी बाजूंनी घातलीस का? उताराच्या बाजूलाही? तिकडे भिंत असेल तर चेंडू आपटून परत येत असेल. मग पोरी त्याच्या मागे कोंबड्यांसारख्या धावणारच, चेंडू गमावल्याचं त्यांना काही वाटतच नसेल. उताराकडची भिंत पाड. आणि ती तिलिला ओरडते ते काय ओरडते? "माझ्याकडे दे" म्हणते की "तिकडे जा" म्हणते? या दोन्हीत फार फरक आहे. "तिकडे जा" म्हणत असेल तर तिला अजिबात गप्प करू नका.

ठरलं की कळवतो.

मिमून


मरीर्त, १८ ऑक्टोबर

मिमून,

भिंत पाडली. काल तुझं पत्र आलं आणि आज सकाळी पाडली. आया आल्या होत्या, पोरी होत्या, मी होते. ज्या गवंड्याने ती बांधली तो रस्त्यावर उभा राहून डोक्याला हात लावत होता. "लल्ला इत्तो, वसंतात बांधायला लावली, आता पाडतेस, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "बघत काय बसलास, पहार धर." त्याने धरली.

दुपारी खेळ झाला. चेंडू चार वेळा ओढ्यात गेला की पाच, मी मोजत नाही. ज्या पोरीच्या पायातून सुटला तिला खाली पाठवली. पहिली वर आली ती हाताला काटे आणि तोंडात शिव्या घेऊन. तिची आई माझ्याकडे रोखून बघायला लागली. पण ऊन उतरायच्या आत कोंबड्या थोड्या पांगल्या होत्या, खोटं सांगत नाही. चेंडू पायाशी धरून इकडेतिकडे बघायला लागल्या. तिलिला वर येऊन म्हणाली, "हा असला नियम कुणी काढला?"

"मिमूनने."

"मग त्याला म्हणावं, स्वतः ये आणि चेंडू आणून दाखव."

"त्याचा गुडघा गेलाय," मी म्हटलं.

हो, सांगितलं. तू नको म्हणाला होतास. पण दोन महिने एकट्याने उराशी धरून बसलास, त्याने काय भलं झालं? पोरीने हातातला काटा उपटून टाकला. मग म्हणते, "म्हणजे तो आता चेंडू आणायला उतरू शकत नाही? मग तो चेंडू सोडायला देणारच नाही. असाच माणूस पाहिजे." आणि पळाली. तुझ्या पायाकडे त्या पोरीने एवढंच बघितलं.

ती "तिकडे जा" म्हणते. मी मुद्दाम ऐकलं. "तिकडे जा, मूर्ख, तिकडे कुणी नाहीये!" असं म्हणते. मूर्ख हा शब्द रोज असतो.

पोरींना कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. तुला वाटत होतं लोक हसतील, नाहीतर कीव करतील. कीव केली, खोटं का बोलू. कसाई ओल्या डोळ्यांनी घरी आला. तूदाने उंटाच्या चरबीचं मलम पाठवलंय, कुणी गरम वाळूत पाय पुरायला सांगतंय, कुणी मेंढीचं दूध. एवढे सगळे उपाय केलेस तर दुसराही पाय जाईल. सी लार्बीने तो फलक उतरवला. तो माझ्यासमोरून जाताना भिंतीकडे तोंड करून जातो. पण कुणी असं म्हणालं नाही की आता मिमून कशाला हवा. एकानेही नाही. मी कान देऊनच बसले होते, कुणी म्हणालं असतं तर परात डोक्यात घातली असती.

तू भीतीचं लिहिलंस ते बरं केलंस. माझ्याकडे भीतीवर औषध नाही. फाटकाशी पहिल्या दिवशी गाव जमेल हे खरं आहे, नजरा खाली जातील हेही खरं आहे. मग पोरी ओरडायला लागतील आणि नजरा तिकडे जातील. मी रोज बघते.

आखाताचं काम वाईट नाही. गेलास तर मी टीव्ही लावून बघेन आणि शेजाऱ्यांना सांगेन, हा माझा पोरगा, टाय बघा कशी शोभते. मनापासून सांगेन. मी तुझ्या दारात मेंढा कापणार नाही, मिमून. मेंढा कापला की माणूस भीतीने येतो. मला तसा आलेला नको. तुला यायचं असेल तर ये, आणि काठी टेकत फाटकातून आत शिर. येणार नसशील तर तेही चालेल, पण मग मला त्या पोरींसाठी दुसरा कुणीतरी शोधावा लागेल. मेक्नेसला एक बाई शिकवते असं ऐकलंय. तिच्याकडे मी या शुक्रवारीच जाऊन विचारून ठेवणार. पोरींना वाट बघायला लावणार नाही. वाट बघण्यात त्यांच्या आयांची आयुष्यं गेली.

बूजम्आ उद्या निघतो. शनिवारी हे पत्र तुझ्या हातात देईल, रविवारी सकाळी गाडी परत काढेल. पुढची सीट रिकामी ठेवायला मी त्याला सांगितलंय, तिथे पाय लांब करता येतो. मागे तेलाचे डबे आणि कुणाची तरी शिलाई मशीन आहे, तिकडे बसू नकोस. यायचं असेल तर त्या सीटवर बस. यायचं नसेल तर त्याच्या हाती एका ओळीची चिठ्ठी दे, "येत नाही" एवढंच लिही. कारणं लिहू नकोस. ती मला पाठ आहेत.

तो बुधवारी पोचतो. गुरुवारी बाजार उठला की पोरी फाटकाशी जमतील, आणि कोण शिकवणार ते मी त्यांना नाव घेऊन सांगणार आहे. तेव्हा गुरुवार, २६ ऑक्टोबर, बाजार उठायच्या आत तुझं उत्तर पाहिजे.

इत्तो